पाच वर्षांची जमीन: एका गाजलेल्या पेपरचं चिकित्सक वाचन

जमिनीची टंचाई असली की नव्या घरांना परवानगी मिळणं सोपं होतं की अवघड?

प्रश्न साधा वाटतो. साध्या तर्काने उत्तर येतं 'अवघड', कारण जमीनच नाही. इंग्लंडमध्ये मात्र २०१२ पासून नियम असा आहे की स्थानिक कौन्सिलकडे घरांसाठी पुरेशी जमीन नसेल, तर बिल्डरला परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि दोन विरुद्ध परिणाम. रिसर्चची तयारी करणाऱ्यांसाठी याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, म्हणून आज हाच विषय घेतोय.

यासाठी जो पेपर आपण वाचणार आहोत तो आहे ख्रिश्चन हिल्बर आणि वाउटर फर्म्यूलेन यांचा. २०१६ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला. पुरवठ्यावरच्या बंधनांचा इंग्लंडमधल्या घरांच्या किमतींवर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. घरबांधणीच्या वादात हा पेपर सतत पुढे केला जातो. मी अर्थशास्त्राचा नाही, विज्ञान शाखेतून एम.एस्सी. करून पीएच.डी.ला आलोय. त्यामुळे इथे मी 'हे मोजलं कसं?' याच अंगाने बोलणार आहे. पेपर चांगला आहे हे आधीच सांगतो. त्याचा वापर जसा होतो तो मात्र बऱ्याचदा चुकीचा आहे, आणि ही चूक तुमच्या सिनॉप्सिसमध्येही सहज शिरू शकते.

आधी पार्श्वभूमी

'प्लॅनिंग परवानगी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महापालिकेचा नगररचना विभाग येतो. इंग्लंडची पद्धत वेगळी आहे. गंमत म्हणजे दोन्हीचं मूळ जवळचं. १९०९ च्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. पुढे वाटा फुटल्या. आपल्याकडे १९६६ च्या एमआरटीपी कायद्याखाली विकास आराखडा होतो. जमीन निवासी विभागात असेल आणि बांधकाम विकास नियंत्रण नियमावलीत बसत असेल, तर परवानगीचा प्रश्न बराचसा नियमांवर चालतो. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्याने विकासाचा हक्कच एका अर्थाने सरकारकडे गेला. जमीन तुमची असली तरी तिच्यावर घर बांधायचं की नाही हे प्रत्येक अर्जागणिक ठरतं. २००४ च्या कायद्यानुसार निर्णय स्थानिक आराखड्याप्रमाणे व्हायला हवा, पण 'इतर महत्त्वाच्या बाबी' तसं सांगत असतील तर वेगळा निर्णय घेता येतो. हा 'पण'च सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

मार्च २०१२ मध्ये सरकारने राष्ट्रीय नियोजन धोरणाची चौकट आणली. तिने प्रत्येक कौन्सिलला सांगितलं की पुढच्या पाच वर्षांत प्रत्यक्ष घरं उभी राहू शकतील एवढ्या जागा दाखवा. वर ५ टक्के राखीव ठेवा. आधीपासून सतत कमी घरं झाली असतील तर २० टक्के. हे दाखवता आलं नाही, तर घरांबाबतची तुमची धोरणं कालबाह्य धरली जातील. मग परवानगी नाकारायची असेल तर तोटे फायद्यांपेक्षा 'ठळकपणे आणि दाखवता येईल इतके' जास्त आहेत हे दिसलं पाहिजे. तिथले वकील याला कललेला तराजू म्हणतात. पारडं परवानगीच्या बाजूने आधीच झुकलेलं असतं.

कौन्सिलने नकार दिला तर बिल्डर अपिलात जातो. तिथे प्लॅनिंग इन्स्पेक्टर निर्णय देतो. हे सगळं किती पेटलं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: सफोकमधल्या यॉक्सफर्ड गावातल्या २६ घरांचं आणि चेशरमधल्या विलास्टनजवळच्या १७० पर्यंतच्या घरांचं प्रकरण थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १० मे २०१७ ला निकाल लागला. वाद होता की टंचाई असली की नेमकी कोणती धोरणं कालबाह्य धरायची. कोर्टाने शब्दांची चिरफाड बाजूला ठेवून सांगितलं की पाच वर्षांचा पुरवठा आहे की नाही हे बघा. नसेल, तर तो कोणत्या धोरणामुळे नाही याने फरक पडत नाही, तराजू कलतो.

पेपर काय सांगतो?

हिल्बर आणि फर्म्यूलेन यांनी इंग्लंडमधल्या ३५३ स्थानिक नियोजन प्राधिकरणांचा १९७४ ते २००८ एवढ्या मोठ्या काळाचा डेटा घेतला. कल्पना अशी: एखाद्या भागातल्या लोकांची कमाई वाढली की घरांची मागणी वाढते. नवी घरं सहज बांधता येत असतील तर किमती थोड्या वाढतील. बांधता येत नसतील तर वाढलेली सगळी कमाई किमतीतच जिरेल. म्हणून त्यांनी विचारलं की कमाई वाढल्यावर किमती किती वाढतात, आणि हा आकडा कुठल्या अडथळ्यांमुळे बदलतो.

अडथळे तीन प्रकारचे घेतले. पहिला, परवानगीचा कडकपणा. तो मोजला मोठ्या गृहप्रकल्पांच्या अर्जांपैकी किती टक्के नाकारले गेले यावरून. दुसरा, बांधण्याजोग्या जमिनीपैकी किती आधीच व्यापलेली आहे. तिसरा, जमिनीचा चढउतार.

निष्कर्ष असा की परवानगीच्या कडकपणाचा परिणाम मोठा आहे. जमिनीच्या भौतिक टंचाईचा परिणाम मुख्यतः अतिशय दाट शहरी भागांपुरता आहे. चढउताराचा त्याहून किरकोळ. आणि हे सगळं तेजीत जास्त जाणवतं, मंदीत कमी. त्यांच्या अंदाजाने आग्नेय इंग्लंडचा कडकपणा ईशान्य इंग्लंडइतका असता, तर २००८ मध्ये तिथल्या किमती सुमारे २५ टक्क्यांनी कमी असत्या.

यातली सगळ्यात दाद देण्यासारखी गोष्ट म्हणजे इन्स्ट्रुमेंटची निवड. नकाराचं प्रमाण आणि किमती एकमेकांवर परिणाम करतात हे लेखकांना ठाऊक आहे. किमती वाढल्या की अर्ज वाढतात, अर्ज वाढले की नकार वाढतात. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? यातून सुटण्यासाठी त्यांनी बाहेरचे धागे शोधले. एक म्हणजे मोठ्या अर्जांवर वेळेत निर्णय घेण्याचं सरकारी बंधन. ते आल्यावर, अर्ज रेंगाळत ठेवणाऱ्या कौन्सिलना रेंगाळणं परवडेना. मग ज्यांना मुळात घरं नकोच होती त्या सरळ नकार देऊ लागल्या. म्हणजे दिरंगाई कुठे किती घटली यावरून कौन्सिलचा मूळ कल कळतो. दुसरा धागा १९८३ च्या निवडणुकीतलं लेबर पक्षाच्या मतांचं प्रमाण. जमिनीच्या टंचाईसाठी त्यांनी १९११ सालची लोकसंख्येची घनता वापरली.

इथे थांबून विचार करा. दिरंगाई आणि नकार एकमेकांची जागा घेऊ शकतात हे कळायला नुसतं सॉफ्टवेअर येऊन चालत नाही. सरकारी ऑफिस कसं चालतं हे माहीत असावं लागतं. ज्यांनी तलाठी कार्यालयात सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी चकरा मारल्यात त्यांना हे लगेच पटेल. 'नाही' न म्हणताही नाही म्हणता येतं.

पहिला आक्षेप: नकाराचं प्रमाण कशाचं प्रमाण आहे?

नकाराचं प्रमाण हा भागाकार आहे. वर नाकारलेले अर्ज, खाली एकूण अर्ज. आपण वरच्या आकड्याकडे बघतो, खालचा विसरतो.

एक काल्पनिक कौन्सिल घ्या. टंचाई नसताना वर्षाला २० मोठे अर्ज आले, १६ मंजूर झाले. नकार २० टक्के. पुढे बातमी पसरली की या कौन्सिलकडे पाच वर्षांची जमीन नाही. आता आराखड्याबाहेरच्या शेतजमिनींचेही अर्ज आले, कारण नशीब आजमावून बघायला हरकत काय? अर्ज ५०, मंजूर ३०. नकार ४० टक्के.

नकाराचं प्रमाण दुप्पट झालं. मंजुऱ्याही जवळजवळ दुप्पट झाल्या. या कौन्सिलला तुम्ही कडक म्हणाल की सैल?

उलटही होतं. जिथे नकार अटळ आहे तिथे कुणी अर्जच करत नाही. अर्जाची फी, आर्किटेक्ट, वाहतुकीचा अहवाल, पर्यावरणाचा अहवाल यांवर पैसा जातो. बिल्डर शहाणा असतो. त्यामुळे सगळ्यात कडक कौन्सिलचं नकाराचं प्रमाण कागदावर सौम्य दिसू शकतं.

लेखकांना हे माहीत आहे, त्यासाठीच त्यांनी दीर्घकाळाची सरासरी आणि इन्स्ट्रुमेंट वापरली. तरी १९८३ च्या मतांबद्दल मला एक प्रश्न राहतो. लेबरचं मतदान जिथे जास्त होतं ते भाग बऱ्याचदा जुन्या खाणींचे, कारखान्यांचे होते. तिथे कमाई वाढली तर किमती कमी वाढण्यामागे परवानगीशिवाय दुसरी कारणंही असू शकतात. लोक ते भाग सोडून जात असतील, रिकामी घरं असतील. इन्स्ट्रुमेंटने एकाच दारातून आत यावं अशी अट असते. इथे मागचं दार पूर्ण बंद आहे का, हे वाचकाने विचारायलाच हवं. एकाहून जास्त इन्स्ट्रुमेंट वापरल्याने शंका कमी होते, संपत नाही.

दुसरा आक्षेप: तारखा बघा

पेपर छापून आला २०१६ ला. डेटा संपतो २००८ ला. कललेला तराजू, त्या सगळ्या शिक्षेसकट, आला २०१२ ला.

म्हणजे आज ज्या नियमाबद्दल भांडण चालू आहे तो नियम या डेटात नाही. याचा दोष लेखकांकडे जात नाही, पॅनेल डेटाचे पेपर असेच वर्षानुवर्षं चालतात. पण 'कडक कौन्सिलमुळे किमती वाढतात हे सिद्ध झालंय, म्हणून पाच वर्षांचा नियम बरोबर आहे' असं म्हणणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठीत बांधतोय. पेपरने रोगाबद्दल काही सांगितलं. औषधाची चाचणी त्यात झालेलीच नाही.

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना प्रत्येक पेपरच्या पुढे दोन वर्षं लिहा: छापल्याचं आणि डेटा संपल्याचं. ही एक सवय लावून घेतली तरी तुमचा रिव्ह्यू निम्म्या लोकांपेक्षा चांगला होईल.

तिसरा आक्षेप: 'टंचाई' कोण मोजतं?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पेपरमधली टंचाई भौतिक आहे, किती जमीन आधीच व्यापली गेली ती. धोरणातली टंचाई हा हिशेब आहे. दोन्हींना आपण 'जमिनीची टंचाई' म्हणतो आणि इथेच घोळ होतो. चारी बाजूंना मोकळी शेतं असलेल्या कौन्सिलकडेसुद्धा पाच वर्षांची जमीन नसू शकते.

हिशेब कसा होतो ते करूनच बघू. आकडे माझे, काल्पनिक. कौन्सिलचा आराखडा २० वर्षांचा, दरवर्षी ६०० घरं हवीत. पाच वर्षं झाली. ३,००० व्हायला हवी होती, झाली २,४००. तूट ६००. पुढच्या पाच वर्षांत ३,५०० घरांच्या जागा तयार आहेत असं कौन्सिल म्हणते.

ही ६०० ची तूट कधी भरायची? इथे दोन पद्धती आहेत. एकीला लिव्हरपूल पद्धत म्हणतात, तूट उरलेल्या सगळ्या वर्षांवर पसरायची. दुसरी सेजफील्ड पद्धत, सगळी तूट पुढच्या पाच वर्षांतच भरायची.

- लिव्हरपूल, ५ टक्के राखीव: ३,००० अधिक २०० म्हणजे ३,२००. राखीव धरून ३,३६०. वर्षाला ६७२. पुरवठा ५.२१ वर्षांचा. पास.
- सेजफील्ड, ५ टक्के राखीव: ३,६००. राखीव धरून ३,७८०. वर्षाला ७५६. पुरवठा ४.६३ वर्षांचा. नापास.
- सेजफील्ड, २० टक्के राखीव: ४,३२०. वर्षाला ८६४. पुरवठा ४.०५ वर्षांचा. सपशेल नापास.

जमीन तीच. एक गुंठाही इकडचा तिकडे झाला नाही.

अजून एक गंमत. पहिल्या, पास होणाऱ्या हिशेबात बिल्डरच्या वकिलाने सिद्ध केलं की ३०० घरांची एक जागा पाच वर्षांत होणं शक्य नाही. मग ३,५०० चे ३,२०० झाले आणि ५.२१ चे ४.७६. नापास. अपिलांच्या सुनावणीत एकेका जागेवरून असेच वाद चालतात. 'होऊ शकेल' आणि 'होईल' यांतला फरकसुद्धा २०१७ साली अपील कोर्टात गेला होता. २०१८ मध्ये सरकारने व्याख्या कडक केली आणि पुराव्याचा भार बराचसा कौन्सिलवर टाकला.

कट-ऑफचा मोह

संख्याशास्त्र शिकलेल्याला इथे लगेच एक आयडिया सुचते. ५ हा कट-ऑफ आहे ना? मग ४.९ वाल्या आणि ५.१ वाल्या कौन्सिलची तुलना करू. बाकी सगळं सारखंच असणार, फरक फक्त नियमाचा. यालाच रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. नेटच्या परीक्षेत एका गुणाने हुकलेला आणि एका गुणाने पास झालेला यांच्या बुद्धीत फरक नसतो, पण पुढच्या आयुष्यात पडतो. तीच कल्पना.

पण नेटच्या परीक्षेत उमेदवाराला स्वतःचा पेपर तपासता येत नाही. इथे येतो. कौन्सिल दरवर्षी स्वतःच आपला पुरवठा जाहीर करते. ४.९ आलं तर एखादी पद्धत, एखादी जागा बदलून ५.१ करण्याचा मोह कुणाला होणार नाही? शिवाय फेरतपासणी सगळ्यांची होत नाही. जिथे बिल्डरला रस आहे, जिथे घरं महाग विकली जातात, तिथेच अपील होतं आणि तिथलाच आकडा उघडा पडतो. म्हणजे 'नापास' गटात आधीच तेजीतल्या जागा गोळा झालेल्या असतात.

यासाठी २००८ साली मॅकक्रेरी यांनी सुचवलेली तपासणी आहे. कट-ऑफच्या दोन्ही बाजूंना गर्दी सारखी आहे का ते बघायचं. ५ च्या किंचित वर खच्चून गर्दी आणि किंचित खाली शुकशुकाट दिसला, तर समजा की आकडा बनवलेला आहे. हा आलेख न काढता कुणी कट-ऑफचा अभ्यास पुढे केला, तर तो पेपर तिथेच बाजूला ठेवा.

आणि हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने गावांना स्वतःचा परिसर आराखडा करायची मुभा दिली. लोक कित्येक संध्याकाळी बैठका घेतात, कुठे घरं हवीत ते ठरवतात, त्यावर सार्वमत होतं. मग कौन्सिलचा आकडा ५ च्या खाली गेला की गावाने वगळलेल्या शेतावरही परवानगी मिळू शकते, गावाची चूक नसताना. ओरड एवढी झाली की डिसेंबर २०१६ मध्ये मंत्र्यांना खुलासा करावा लागला: गावाने स्वतःच्या आराखड्यात घरांसाठी जागा दिल्या असतील, तर काही अटींवर तीन वर्षांचा पुरवठाही पुरेसा धरू. दुसऱ्या बाजूला त्याच भागात भाड्याने राहणारी, घर घेऊ न शकणारी तरुण मंडळी आहेत. ती सार्वमताच्या बैठकीत क्वचितच दिसतात, आणि कित्येकदा ती अजून त्या गावात राहायलाच आलेली नसतात. एका भागाकाराच्या उत्तरावर या दोघांचं भवितव्य ठरतं. म्हणून तो भागाकार नीट तपासायचा.

सरासरीमागे काय लपतं?

कललेला तराजू सगळीकडे कलत नाही. ग्रीन बेल्ट, निसर्गसौंदर्याचे संरक्षित प्रदेश अशा जागांना धोरणाच्या एका तळटीपेने वेगळं ठेवलंय. तिथे त्या जागेच्या संरक्षणाचं ठोस कारण नकाराला पुरेसं असेल, तर टंचाई असूनही तराजू कलत नाही. इंग्लंडच्या जमिनीपैकी सुमारे साडेबारा टक्के ग्रीन बेल्ट आहे आणि तो नेमका लंडनसारख्या मोठ्या शहरांभोवती आहे. सेंट ऑल्बन्स हे लंडनजवळचं उदाहरण. तिथला स्थानिक आराखडा १९९४ चा, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तोच चालू राहिला. घरं प्रचंड महाग, जमीन ग्रीन बेल्टमध्ये.

म्हणजे जिथे टंचाई सगळ्यात तीव्र, तिथे नियमाचा दात बोथट. जिथे ग्रीन बेल्ट नाही, तिथे तोच नियम कडाडून चावतो. आता तुम्ही सगळ्या कौन्सिल एकत्र करून 'टंचाईचा परवानगीवर सरासरी परिणाम' काढलात, तर जो आकडा येईल तो कुठल्याच कौन्सिलचा नसेल. डिसेंबर २०२४ मध्ये 'ग्रे बेल्ट' ही कल्पना आली. ग्रीन बेल्टमधल्या कमी महत्त्वाच्या जमिनीवर, काही अटींसह आणि टंचाई असेल तर, बांधकामाला वाट मोकळी झाली. त्यामुळे २०२४ आधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र कालवू नका.

परवानगी म्हणजे घर नव्हे

हा मुद्दा थोडक्यात, कारण तो सोपा आहे पण विसरला जातो. २०१८ मध्ये ऑलिव्हर लेटविन यांनी मोठ्या जागांवर घरं किती वेगाने होतात याचा सरकारसाठी आढावा घेतला. त्यांनी पाहिलेल्या मोठ्या जागांवर परवानगीनंतर काम पूर्ण व्हायला मध्यक कालावधी १५.५ वर्षांचा निघाला. कारण बिल्डर बाजारभाव पडणार नाही एवढ्याच वेगाने घरं विकायला काढतो. म्हणून तुमच्या अभ्यासात परिणाम म्हणून 'परवानग्या' घेतल्या असतील, तर निष्कर्षात 'घरं' हा शब्द वापरू नका. आणि किमतीबद्दल तर अजिबात बोलू नका.

मग अभ्यास करायचा कसा?

नुसती टीका करून उठणं मला आवडत नाही. मला सुचलेले तीन मार्ग सांगतो.

एक, वाढदिवस पकडा. २०१८ पासून नियम असा की आराखड्यातली मुख्य धोरणं पाच वर्षांपेक्षा जुनी झाली आणि ती अजून लागू आहेत असं फेरतपासणीत ठरलं नसेल, तर आराखड्यातला आकडा बाजूला पडतो आणि सरकारी सूत्राने आलेला आकडा लागू होतो. ही तारीख आधीच ठरलेली आहे. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे अर्ज आणि मंजुऱ्या कशा बदलल्या ते बघता येईल. सावधगिरी एवढीच की बिल्डरलाही ती तारीख माहीत असते, त्यामुळे आधीचे काही महिने अर्ज थांबलेले असू शकतात.

दोन, सूत्र बदललं तो क्षण पकडा. २०१८ चं सूत्र कुटुंबसंख्येच्या अंदाजावर चालायचं. डिसेंबर २०२४ चं सूत्र सध्याच्या घरांच्या ०.८ टक्क्यांपासून सुरू होतं आणि परवडण्याच्या गुणोत्तराप्रमाणे वर चढतं. एका रात्रीत काही कौन्सिलची गरज वाढली, काहींची घटली. सूत्र त्यांच्या हातात नव्हतं. कौन्सिलने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा हा धक्का कितीतरी स्वच्छ आहे. त्याच्या एकच वर्ष आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, ताज्या आराखड्याच्या कौन्सिलना पाच वर्षांच्या हिशेबातून सूट दिली होती आणि पुढच्या वर्षी ती काढून घेतली. अशी चालू-बंद परिस्थिती संशोधकाला क्वचित मिळते. अडचण अशी की कालावधी फार छोटा आहे.

तीन, निकालपत्रं वाचा. अपिलांचे निर्णय सार्वजनिक असतात. इन्स्पेक्टरने पुरवठा किती वर्षांचा धरला, कोणती जागा वगळली, टंचाईला किती वजन दिलं हे त्यात लिहिलेलं असतं. शंभर निकालपत्रं स्वतः वाचून केलेला कोडिंगचा तक्ता कंटाळवाणा वाटेल. पण कौन्सिलने जाहीर केलेला आकडा आणि इन्स्पेक्टरने मान्य केलेला आकडा यांतला फरक त्यातूनच कळेल, आणि माझ्या मते तो फरक हाच खरा विषय आहे.

तिन्ही मार्गांत परिणाम म्हणून दोन्ही गोष्टी घ्या, मंजुरीचं प्रमाण आणि मंजूर घरांची संख्या. वरच्या ५० अर्जांच्या उदाहरणात दोन्ही उलट दिशेला गेले होते हे लक्षात आहे ना?

तुमच्यासाठी

हिल्बर आणि फर्म्यूलेन यांचा पेपर वाचा, जरूर वाचा. डेटा आणि इन्स्ट्रुमेंटचा भाग दोनदा वाचा. त्यातून कडक नियंत्रण आणि किमती यांचा संबंध पटतो, मलाही पटला. पण पाच वर्षांच्या जमिनीचा नियम परवानग्या वाढवतो का, कुठे वाढवतो आणि कुणासाठी, याचं उत्तर त्यात मागायला जाऊ नका.

विषय इंग्लंडमधल्या घरांचा नसला तरी एक गृहपाठ करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला मुख्य चल घ्या. दारिद्र्य असेल, पाणीटंचाई असेल, कुपोषण असेल. कागदावर चार ओळी लिहा: हा आकडा कोण काढतं, कोणत्या सूत्राने, तो बदलल्याने कुणाचा फायदा होतो आणि तो कधी तपासला जातो. चौथ्या ओळीशी अडलात, तर गाइडकडे जाण्याआधी त्या खात्याच्या ऑफिसात एक चक्कर मारून या.